गंगाक्काची सुरी

सुरी विकत घ्यायला जाताना पिशवीत ब्रेड घेऊन जाणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. भांड्यांच्या दुकानदाराने काउंटरवर चार सुऱ्या मांडल्या. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला अख्खा, न कापलेला ब्रेड काढला, पदर खोचला आणि म्हणाली, "पावणं, जरा सरका की. कुठली चालतीया बगू दे."

"ओ मावशी, दुकान हाय हे, मिसळीचं हाटेल न्हवं! चुरा कोण झाडणार?"

"मी झाडतो. आणि सुरी घरात नेल्यावर चुरा पडला, तर तुमी येणार हायसा व्हय झाडाय?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी मात्र दोन पावलं मागे सरकलो आणि कुकरची झाकणं बघायला लागलो, जणू मी या बाईबरोबर आलेलोच नाही. मी तिचा साहेब होतो. सुरी माझ्या सहीने घ्यायची होती. तरी दुकानदार चिडेल, लोक बघतील, एवढ्याचीही मला भीती वाटत होती. माझा स्वभावच तसा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते या भित्रेपणातूनच घडलं.

तिचं नाव गंगाबाई. मुरगूडच्या पलीकडच्या, सीमेजवळच्या एका गावची. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून सगळ्यांची ती गंगाक्का. आमच्या कोल्हापुरात जैन विद्यार्थ्यांचं एक बोर्डिंग आहे, तिथे ती स्वयंपाकीण होती. मी शाळेतून विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्या बोर्डिंगचा सुपरिंटेंडेंट म्हणून लागलो, तेव्हा तिला तिथे सोळा वर्षं झाली होती. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. चूक संस्थेची नव्हती.

दर रविवारी सकाळी बोर्डिंगात मिसळ असे, बिनकांद्याची. आणि कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. इथे लागतो स्लाइस ब्रेड. बाकीच्या दिवशी दूध-ब्रेड. म्हणजे ब्रेड रोजच. बेकरीवाला कापून द्यायला तयार होता, पण गंगाक्काला त्याची स्लाइस मान्य नव्हती. "लई पातळ करतोय त्यो. रश्श्यात बुडवली की हातात निस्ता कोपरा ऱ्हातोय, आन् पोरगं वाटीत ब्रेड हुडकत बसतंय." म्हणून बेकरीतून अख्खे ब्रेड यायचे आणि ती स्वतः कापायची. रविवारी तीस ब्रेड. पहाटे साडेपाचला सुरू करायची आणि सहाला पाटावर पत्त्यांच्या कॅटासारख्या एकसारख्या चळती उभ्या असायच्या. कापताना ती ब्रेडकडे बघायची नाही. बोलत असायची, शेगडीवरच्या कटाकडे लक्ष असायचं. डाव्या हाताची बोटं ब्रेडवर आणि उजव्या हातात सुरी. बोटांनीच बघायची ती.

त्या दिवशी दुकानात तिने मला सुरी कशी निवडायची ते शिकवलं. चारही सुऱ्यांनी तिने एकेक स्लाइस कापली आणि प्रत्येकीखाली पडलेला चुरा बोटाने गोळा करून चार ढिगुल्या लावल्या. "सुरीकडं बगू नगा सर, चुऱ्याकडं बगा." मग एकेक सुरी माझ्या नाकासमोर धरली. "ह्येचे दात बगा, करवतीवानी टोकदार. ही ब्रेड फाडतीया. आणि ह्येचे लाटंवानी, वर गोल, खाली खोलगट. ही कापतीया. पातं ब्रेडपरास चार बोटं लांब पायजे, न्हाईतर मधीच ढुसण्या देतंय. आणि मुठीखाली बोटांना जागा हाय का बगा, न्हाईतर शेवटाला बोटं पाटावर आपटत्यात." मग तिने दुकानदाराकडे पाणी मागितलं. त्याला वाटलं, प्यायला. तिने हात ओले केले आणि चारही मुठी धरून बघितल्या. "सुक्या हातानं समद्याच सुऱ्या चांगल्या लागत्यात."

सगळ्यांत महाग सुरी परदेशी होती, चकचकीत. दुकानदार तिचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता. गंगाक्का म्हणाली, "नाव तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे, आमाला दात पायजेत." आणि तिने काळ्या मुठीची एक साधी, स्वस्तातली सुरी उचलली. तिच्याखाली चुऱ्याची ढिगुली सर्वांत लहान होती. निघताना तिने खरंच काउंटर पुसला आणि कापलेल्या चार स्लाइस दुकानदाराला देऊन टाकल्या. "च्या सांगा आता."

ती कुणालाच भीत नसे. आमचे सेक्रेटरी आप्पासाहेब कापडाचे व्यापारी. सज्जन, पण शिस्तीचे. ते पायऱ्या चढायला लागले की मी शर्टाचं वरचं बटण लावायचो. एकदा ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "गंगाबाई, स्लाइस जरा पातळ केल्या तर ब्रेड कमी लागेल." तिने पाटावरची एक स्लाइस त्यांच्या हातात दिली. "आप्पासाहेब, ही खावा आदी. पोट भरलं तर पातळ करतो." आप्पासाहेब हसले. मी तिच्या जागी असतो तर त्यांच्या देखत उद्यापासून पातळ करतो म्हणून वहीत लिहून घेतलं असतं. आमच्याकडच्या बायका "मी करतो, मी जातो" असंच बोलतात. पण गंगाक्का बोलली की तो ठामपणा नुसत्या बोलीचा वाटत नसे.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. गंगाक्का जैन नव्हती. तिच्या गावच्या जत्रेत बोकड पडायचं, घराघरात मटण शिजायचं. पण बोर्डिंगच्या चुलीशी आल्यापासून तिने मटण सोडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. जत्रेहून परत आली की आधी आंघोळ, मगच स्वयंपाकघराची पायरी. मी एकदा विचारलं, "जत्रेतही खात नाहीस?" ती म्हणाली, "ज्या हातानं हितं वाढायचं त्याच हातानं तितं कशाला? मला दोन हात हाईत, पण त्ये दोनी हितलेच."

दोन वर्षं रोज ब्रेड कापून सुरीचे दात झिजले. चुरा वाढला. गंगाक्काने मला ऑफिसात येऊन सांगितलं, "सर, नवी सुरी लागंल."

मी म्हटलं, "धार लावून घेऊ की."

"न्हाय सर. ह्या सुरीला धार लावायची नसती. दगडावर धरली की दात जात्यात, आणि दात गेले की ती ब्रेडची सुरी ऱ्हात न्हाय. निसटती. नवीच घ्या."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं तिने. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. पण नवी सुरी म्हणजे आप्पासाहेबांपुढे कागद न्यायचा, "दोनच वर्षांत?" हा प्रश्न ऐकायचा, आणि उत्तर देताना माझा आवाज बारीक होणार. शिवाय मी विज्ञान शिकवलेला माणूस. धार म्हणजे धार, असं मला वाटलं.

गंगाक्का जत्रेला चार दिवस गावी गेली. तिच्या जागी तिची धाकटी बहीण कस्तुरी कामाला आली. ती कोल्हापुरातच दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायची. गंगाक्का तिला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. सुरी ज्या कपाटात असे त्याची किल्ली गंगाक्काच्या कमरेला असायची, ती तिने तंगीच्या हातात दिली. त्या कपाटाची दुसरी एक किल्ली माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. ती कधी लागतच नसे, म्हणून कुणाच्या लक्षातही नव्हती.

चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, कस्तुरी काम उरकून घरी गेली होती. सायकलवर दगड बसवलेला धारवाला बोर्डिंगच्या फाटकासमोरून ओरडत चालला होता. मी ड्रॉवरमधली किल्ली घेतली, कपाट उघडलं, सुरी काढली आणि फाटकाबाहेर नेऊन दिली. त्याने पायडल मारलं, ठिणग्या उडाल्या. दात एकेक करून जाताना मी बघत होतो. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण थांब म्हणायचाही धीर झाला नाही. पातं सरळ, गुळगुळीत, चकाकतं झालं. त्याने अंगठ्याने धार बघितली आणि कौतुकाने म्हणाला, "घ्या सर. केस कापंल. सकाळधरनं खाटकांचेच सुरे केल्यात, आज हात चांगला बसलाय."

मी पैसे देऊन सुरी घेतली. जैन बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातली सुरी मी खाटकाच्या सुऱ्यांच्या दगडावर घासून घेतली होती. आप्पासाहेबांना कळलं तर? मी आत गेलो, दार लावून घेतलं, सुरी राखेने घासली, चिंचेने घासली, गरम पाण्याने तीनदा धुतली. मुठीच्या सांध्यात दगडाचा काळसर चिकट गाळ बसला होता. तो निघेना. बाहेर पावलं वाजली तसा मी दचकलो. सुरी कपाटात ठेवली, किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि आवारातल्याच आमच्या खोलीत येऊन बसलो. बायको म्हणाली, "अहो, या वेळी कसे परत आलात?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं."

रविवारी पहाटे गंगाक्का परत आली होती, तंगीकडून किल्लीही घेतली होती. आंघोळ करून, केस ओले, स्वयंपाकघरात. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. कशासाठी, हे मला आजही धड सांगता येत नाही. सुरी बदलली आहे एवढं तिला सांगायचं होतं. "गंगाक्का, सुरी बघून घे." चार शब्द. पण सांगितलं की ती विचारणार, कुणी धार लावली, कुठे लावली. म्हणून मी गप्प उभा राहिलो आणि तिच्या लक्षात येऊ नये, अशी देवाकडे विनवणी करत राहिलो.

"सर, लौकर उठलासा? जत्रा लई झ्याक झाली बगा. पाळण्यात बसलोय म्हाताऱ्या वयात!" असं माझ्याकडे बघत, हसत तिने कपाट उघडलं, सवयीने सुरी उचलली, डाव्या हाताची बोटं ब्रेडवर ठेवली आणि पहिली ओढ मारली. दात असते तर ते ब्रेडच्या सालीत रुतले असते. दात नव्हते. गुळगुळीत पातं सालीवरून निसटलं आणि तिच्या डाव्या हातावर आलं.

ती ओरडली नाही. "अगाई" एवढंच म्हणाली, हळू, आश्चर्य वाटल्यासारखं. मग ब्रेड लाल व्हायला लागला. तिने आधी हाताकडे नाही, सुरीकडे बघितलं. पातं उलटसुलट केलं. रक्त कोपरापर्यंत आलं होतं आणि ती मला विचारत होती, "सर, सुरीला कुणी हात लावला?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

तिथून माझी भीती सुरू झाली, ती आज बारा वर्षं झाली तरी संपलेली नाही.

दवाखान्यात टाके पडले. पण आतल्या शिरा तुटल्या होत्या, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पुन्हा कधी वाकलं नाही. चौथ्या दिवशी ऑफिसात कमिटी बसली. आप्पासाहेब आणि दोन सभासद. टेबलावर वर्तमानपत्रावर ती सुरी ठेवलेली. एका सभासदाने मुठीचा सांधा नखाने खरवडला, नखावरचा काळा गाळ सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "ही चरबी आहे. सुरी जत्रेला नेली होती. बोकडासाठी धार लावून घेतली, आणि तीच पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात आणली."

गंगाक्का उभी होती, हात गळ्यात बांधलेला. तिला आधी समजलंच नाही. समजल्यावर ती म्हणाली, "आप्पासाहेब, एकोणीस वरसं मी हितं काम करतोय. जत्रंत मी मटणाच्या ताटाला शिवत न्हाय, माझी सून मला येडी म्हणतीया. मी आसं करीन?"

"कपाटाची किल्ली कुणाकडं होती?"

"तंगीकडं दिलती. सुरी मी न्हेलीच न्हाय."

कस्तुरीला बोलावलं. ती रडायलाच लागली. "मी रोज सकाळी काढली, धुतली, ठेवली. देवाशपत, मी भाईर न्हेली न्हाय." आप्पासाहेबांनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "मगदूम सर, त्या कपाटाला दुसरी किल्ली नाही ना?"

किल्ली त्यांच्या कोपराखालच्या ड्रॉवरमध्ये होती.  मला दिसत होतं: आमची दोन खोल्यांची जागा जाणार, बायकोचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, तिला कळणार, समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, लोक म्हणणार याने जैन पोरांच्या पानात खाटकाच्या दगडाची सुरी... मी म्हटलं, "नाही."

गंगाक्काने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सर, तुमी तरी सांगा की ह्यास्नी. तीन वरसं बगताय मला."

"मी काय सांगणार, गंगाक्का?"

तिला कामावरून काढलं. इतिवृत्त मी लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात: स्वयंपाकीण श्रीमती गंगाबाई यांनी संस्थेची सुरी जत्रेसाठी नेली असल्याचे दिसून येते. ती निघाली तेव्हा कस्तुरी तिची पत्र्याची पेटी उचलायला पुढे आली. गंगाक्काने तिचा हात झटकला. "शिवू नगंस. माझी भाकरी गेली त्येचं काय न्हाय, माझं नाव घालवलंस तू." कस्तुरी तिथेच पायरीवर बसली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. मग मी खिडकी लावून घेतली.

पंधरा दिवसांनी तोच धारवाला फाटकाशी थांबला. आवारात आप्पासाहेब नव्या स्वयंपाक्याशी बोलत उभे होते. धारवाल्याने मला बघून हात केला आणि मोठ्याने विचारलं, "काय सर, सुरी कशी चालतीया?"  मी वॉचमनला ओरडून सांगितलं, "हाकल त्याला, उगाच त्रास देतो!" तो बिचारा बावचळून निघून गेला. आप्पासाहेबांनी काही ऐकलं नव्हतं. पण त्यानंतर रस्त्यावर धारवाल्याची हाळी ऐकू आली की मी गल्ली बदलायचो. फोन वाजला की वाटायचं, कळलं. दारावर थाप पडली की वाटायचं, कळलं. घरात सुरी दिसली की मी ती उचलून कपाटात ठेवायचो. बायको चार वर्षांनी गेली. तिलाही मी सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत ती म्हणाली होती, "तुम्ही झोपेत किल्ली, किल्ली म्हणता." मी म्हटलं, "घर उघडं राहिल्याचं स्वप्न पडतं."

गेल्या वर्षी माझ्या सुनेने, अश्विनीने, घरी ब्रेड भाजायला सुरुवात केली. एक दिवस फोन घेऊन माझ्याजवळ बसली. "बाबा, ब्रेडची सुरी मागवायचीय. चांगली हवी, पण फार महाग नको. इथे शंभर दिसतायत, कळतच नाही." आणि मी बोलायला लागलो. दात टोकदार नकोत, लाटेसारखे हवेत. पातं ब्रेडपेक्षा चार बोटं लांब. मुठीखाली बोटांना जागा. ओल्या हाताने धरून बघ. नावाला भुलू नको. आणि दात झिजले तर धार लावायला देऊ नको, नवी घे. अश्विनी थक्क झाली. "बाबा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

 मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो. चार दिवसांनी सुरी आली, अश्विनीने डावा हात ब्रेडवर ठेवला, आणि मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे आले. त्या संध्याकाळी मी मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, झालं ते झालं. आता कोण विचारतंय? आप्पासाहेबही गेले. तुमचं वय बघा, कशाला उकरून काढता?" अश्विनी एवढंच म्हणाली, "ती बाई कुठे असते?"

मी एसटीने मुरगूडला गेलो, तिथून पुढे वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये. गाव जवळ येत होतं. दोनदा वाटलं, ड्रायव्हरला थांबवावं आणि परतीची गाडी धरावी. पंच्याहत्तरी आलेला माणूस, पण शाळेत मार खायला निघालेल्या पोरासारखा अंग चोरून बसलो होतो. गंगाक्का शिव्या घालेल का? तिचा मुलगा अंगावर येईल का? की ती नुसती तो हात पुढे करेल, ज्याची दोन बोटं वाकत नाहीत? या शेवटच्याची भीती सर्वांत जास्त होती.

चावडीपाशी विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "गंगाक्का? ती वारली की आठ म्हयन्यामागं. घर दाखवतो चला."

एकाच घराचे मधे भिंत घालून दोन भाग केलेले. एका बाजूला गंगाक्काचा मुलगा आणि सून. दुसऱ्या बाजूच्या ओट्यावर एक बाई शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. कस्तुरी. बापाचं घर दोघी बहिणींत वाटलं होतं; नवरा वारल्यावर ती आपल्या भागात येऊन राहिली होती. तिने मला ओळखलं, उठून पाणी आणलं. मी पाणी प्यायलो नाही. उभ्या उभ्याच सांगायला लागलो, कारण बसलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता. दुसरी किल्ली. धारवाला. खाटकाचा दगड. "नाही" म्हणालो ते.

ती शेंग फोडायची थांबली होती. माझं बोलून झालं तशी तिने मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "सर, ह्या भिंतीच्या पल्याड अक्का आठ वरसं ऱ्हायली. माझ्याशी बोलली न्हाय. मी भाजी न्हेऊन ठेवली तर कुत्र्याला घातली. शेवटाला आजारी पडली, मी पाणी घिऊन गेलो, तर त्या हातानं..." तिने स्वतःचा डावा हात वर केला, अंगठा ताठ धरून, "त्या हातानं तांब्या सरकवला. मेली तरी माझ्या हातचं पाणी प्याली न्हाय. गाव म्हणतंय, तंगीनं थोरल्या भनीचा हात घालवला."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तिच्या पाया पडायला वाकलो. ती मागे सरकली.

"त्ये नगं, सर. रडूबी नगा. आणि हे निस्तं मला सांगून मी काय करू? मी सुरी न्हेली न्हाय ह्ये मला ठावंच हाय की."

मला तोपर्यंत वाटत होतं, मी सांगितलं की संपेल. त्या ओट्यावर मला कळलं, की मी चुकीच्या माणसाला खरं सांगायला आलो होतो. जिला सांगायचं होतं ती गेली होती, आणि जी समोर होती तिला ते बारा वर्षं माहीत होतं. माहीत नव्हतं ते बाकी सगळ्यांना. हा मजकूर त्यासाठीच लिहितो आहे. त्याची एक प्रत बोर्डिंगच्या आताच्या सेक्रेटरींना पाठवतो आहे. गंगाबाईंनी सुरी नेली नव्हती, कस्तुरीबाईंनीही नेली नव्हती, ती मी नेली होती, अशी नोंद त्याच इतिवृत्तात व्हावी.

पण पहिला कागद मी तिथेच लिहिला. कस्तुरी आत गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडून घेऊन आली. "ह्येच्या पाठीवर लिवा. नावानिशी लिवा." मी गुडघ्यावर पान ठेवून लिहिलं. अक्षर वळणदार आलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "वाचून दावा."

मी वाचायला लागलो, तसं तिने थांबवलं. "बसून न्हाय. हुबं ऱ्हावून."

मी अंगणात उभा राहिलो. समोरच्या दारात दोन बायका येऊन थांबल्या, चावडीवरचा तो म्हाताराही मागोमाग आला होता.  मी माझं नाव वाचलं, मग कपाट, किल्ली, दगड, आणि शेवटी कस्तुरीचं नाव. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता.

कस्तुरी कान देऊन ऐकत होती, माझं नाही, भिंतीपलीकडचं. मग म्हणाली, "आणि एकदा वाचा, सर. मोठ्यानं. पल्याड ऐकू गेलं न्हाय."